सगळ्या गिऱ्हाइकांचा फोन नंबर एकच कसा?

प्रश्न : सियागंजात आमचं होलसेल किराण्याचं दुकान आहे, हिशेब मी बघते. नवीन बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात ज्याच्या त्याच्या नावापुढे मोबाइल नंबर म्हणून 2147483647 हाच आकडा! त्यावर डायल करून काही उपयोग नाही हे कळलं. पण मुलगा म्हणतो आई हा प्राइम नंबर आहे, कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम निवडलाय. खरं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, प्राइम आहे हे खरं, मुद्दाम निवडला हे साफ खोटं.

आधी तुमच्या दुकानाचं बघू. ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्याने फोनचा रकाना 'आकडा' म्हणून ठेवला, तोही 32 बिटचा (बिट म्हणजे 0 किंवा 1 लिहायची एक जागा), त्यातली एक बिट अधिक-उणे दाखवण्यात जाते, उरल्या 31, आणि त्या सगळ्या 1 केल्या की 1+2+4+8 करत करत बेरीज येते 2147483647, म्हणजे 2 चा 31 वा घात वजा 1. याच्या वरचं काही त्या रकान्यात मावतच नाही. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि 6 ते 9 ने सुरू होणारे, म्हणजे एकूण एक याच्यापेक्षा मोठे, मग काही डेटाबेस एरर न देता गुपचूप हीच कमाल संख्या लिहून मोकळे होतात. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचा सात आकडी लँडलाइन 0731 न लावता टाकला असेल तर तो मात्र जसाच्या तसा सापडेल, बघा हवं तर.

आता मुलाचं. ही मूळ संख्या (म्हणजेच प्राइम) आहे हे गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये दाखवलं, तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि कॅल्क्युलेटर तर सोडाच! हिचं वर्गमूळ 46340 च्या पुढे जातं, तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागत बसायचं म्हणजे हजारो भागाकार. पण हिला भागणारी संख्या असलीच तर तिला 62 ने भागून बाकी 1 यायला हवी, शिवाय 8 ने भागून बाकी 1 किंवा 7. या दोन्ही चाळण्यांतून 46340 पर्यंत पावणेचारशेसुद्धा संख्या उरत नाहीत, त्यातल्या 63 सारख्या ज्या मुळात मूळ नाहीत त्याही गाळायच्या. उरलेल्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. मला विचाराल तर खरी कमाल या चाळणीची आहे, आकड्याच्या लांबीची नाही.

आणि कॉम्प्युटरशी हिचा संबंध? निव्वळ योगायोग. 16 बिटच्या रकान्याची कमाल 32767, ती 7 × 31 × 151 आहे. 64 बिटची 2 चा 63 वा घात वजा 1, आणि 63 ला 3 ने भाग जातो म्हणून या संख्येला 7 ने जातो, एवढी अवाढव्य असूनही. 32 बिटवाल्यांच्या वाट्याला 31 आला आणि तिथे नेमकी मूळ संख्या निघाली, बस. घातांक मूळ असला की संख्याही मूळ निघते असंही नाही हं, 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, ती 23 × 89 निघते.

सॉफ्टवेअरवाल्याला सांगून फोनचा रकाना टेक्स्टचा करून घ्या, फोन नंबरांची बेरीज कोण करतं? मात्र आधीचे नंबर त्यातून परत मिळायचे नाहीत, ते जुन्या बिलबुकातूनच पुन्हा भरावे लागतील.