सभेला आया का येत नाहीत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

माता-पालक सभेला चाळीसपैकी पाचच आया आल्या म्हणून तू खट्टू झालीस. पण सभा ठेवलीस कधी? गुरुवारी सकाळी अकराला. तुर्भ्याच्या तुझ्या वस्तीतल्या कितीतरी बायका त्या वेळी वाशीच्या एपीएमसी बाजारात कांदा-लसूण निवडत बसलेल्या असतात, बाकीच्या कोपरखैरण्याला घरकामावर. खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली.

हीच चूक मी वर्षानुवर्षं केली. एकदा उशिरा आलेल्या एका आईला सगळ्यांसमोर बोलले, "मुलाची काही काळजी आहे की नाही?" ती पदराला हात पुसत उभी राहिली. बोटांना लसणाची सालं चिकटलेली होती. ती परत शाळेची पायरी चढली नाही. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर मी वस्तीतच जायला लागले, संध्याकाळी सातनंतर, कुणाच्या तरी ओट्यावर. तक्रार एकही नाही. आधी मुलाची वही उघडायची आणि त्याला जमलेलं दाखवायचं. "मला कुठं वाचता येतं, बाई?" हे हमखास ऐकशील. तेव्हा सांग, ऐकता येतं ना? भाकऱ्या थापताना पोराला शेजारी बसवा, मोठ्यानं वाचू द्या. अडखळला तरी घाई करू नका. धडा झाला की एवढंच विचारा, "मग पुढं काय झालं?" आईला सांगायचं म्हटल्यावर मूल नुसती अक्षरं जोडत नाही, अर्थ लावत वाचतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

हिशेब तर त्यांच्याकडूनच शिकावा. एका आईने वर्गात येऊन विचारलं, "पन्नास किलोची गोणी, अशा सात निवडल्या, तर किती झालं?" पाटीवर आकडेमोड करणाऱ्यांच्या आधी तिच्या मुलीने तोंडी उत्तर दिलं. आईकडे बघून ती कशी हसली!

2022 पासून शाळापूर्व तयारीसाठी राज्यात आयांचे गट केले जातात, प्रत्येक गटाला एक लीडर माता. तिला निवडताना शिक्षण बघू नकोस. जिच्या दारात बाकीच्या जणी टेकतात, ती निवड. शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका हव्यात, पण पुष्कळदा त्यांच्याकडून सही तेवढी घेतात. तू त्यांना मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पाण्याबद्दल विचार. बघ किती बोलतात.

आता आल्या नाहीत त्यांची यादी करत बसू नकोस. शनिवारी त्या पाच जणींकडे जा आणि बाकीच्यांना किती वाजता जमेल, ते त्यांनाच विचार. चहा पुढं केला तर नाही म्हणू नकोस.

तुझ्या,
बाई