वाचक विचारतात : चीफ, शेफ आणि मंडीचा भाव

भाषा आणि दळणवळण या दोन विषयांवर आलेल्या पत्रांपैकी सहा या अंकात घेतली आहेत. एकाच मुद्द्यावर दोन-तीन पत्रे होती, तिथे प्रश्न एकत्र केले आहेत.

आठवी-नववीची मुलं विचारतात की सी-एचचा उच्चार ‘चेअर’मध्ये च, ‘मशीन’मध्ये श आणि ‘केमिस्ट्री’त क का? नियम आहे की पाठच करून घ्यायचं?
– एक शिक्षिका, लोकमान्य नगर, इंदूर

नियम आहे. शब्द इंग्रजीत कुठून आणि कधी आला, त्यावर उच्चार ठरतो. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली आणि इंग्लंडचा दरबार, न्यायालयं, चर्चमधली वरची पदं फ्रेंच बोलणाऱ्यांच्या हाती गेली. त्या काळच्या फ्रेंचमध्ये सी-एच म्हणजे ‘च’. त्यामुळे सुरुवातीच्या लाटेत आलेले चेअर, चीफ, चेन, चार्ज, चान्स हे शब्द ‘च’नेच बोलले जातात. तेराव्या शतकात खुद्द फ्रान्समध्ये हा उच्चार ‘श’ झाला, इंग्रजीने मात्र जुना टिकवला. पुढे सोळाव्या शतकापासून जे शब्द आले ते नव्या उच्चारासकट आले: मशीन, शॅम्पेन, पॅराशूट, ब्रोशर, शोफर. चीफ आणि शेफ हा मुळात एकच फ्रेंच शब्द आहे. तो इंग्रजीत दोनदा आला आणि दोन्ही वेळा राहिला.

‘क’चा गट ग्रीक मुळांचा: केमिस्ट्री, कोरस, एको, कॅरेक्टर. विज्ञान, संगीत, वैद्यक यांतला शब्द असेल तर आधी ‘क’ धरून पाहावं. स्वयंपाक, पोशाख, चैनीच्या वस्तू असतील तर ‘श’. रोजच्या वापरातला छोटा शब्द असेल तर ‘च’. फळ्यावर तीन रकाने आखून मुलांकडूनच शब्द भरून घेतले की हे पक्कं होतं. अपवादही सांगून ठेवा. ‘शिव्हलरी’ हा जुना शब्द पूर्वी ‘च’ने बोलला जाई, नंतर लोकांनी फ्रेंच वळणाने त्याचा ‘श’ केला.

हीच कसोटी शेवटच्या टीला लावता येते. पॉकेट, मार्केट जुने, त्यांत ट ऐकू येतो. बुफे, बॅले, डेब्यू नंतरचे, त्यांत टी लिहायचा पण बोलायचा नाही. आणि ‘चाइल्ड’सारखे अस्सल इंग्रजी शब्द? ते आधी नुसत्या सीने लिहीत. फ्रेंच पद्धतीत तयार झालेल्या लेखनिकांनी त्यात एच घातला, ‘क्वीन’मधल्या सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू आणलं, ‘हाउस’मध्ये ओ-यू आणलं. मुलांना छळणाऱ्या स्पेलिंगपैकी बरीच त्या लेखनिकांची देणगी आहे. मुलांना हे कारण जरूर सांगा, कारण स्पेलिंग चुकलं म्हणजे आपण ढ, हा समज त्याने कमी होतो.

इंग्रजी मृत्युपत्रात ‘विल अँड टेस्टामेंट’, दस्तांमध्ये ‘गुड्स अँड चॅटल्स’ अशा जोड्या येतात. एक शब्द काढला तर दस्त कच्चा होतो का?
– दस्तलेखन करणारे एक वाचक, इंदूर

सगळ्या जोड्यांना एकच उत्तर लागू होत नाही. इंग्लंडमध्ये कित्येक पिढ्या पक्षकार इंग्रजी बोलत आणि वकील फ्रेंच. 1362 च्या कायद्याने न्यायालयात तोंडी युक्तिवाद इंग्रजीत करायचं ठरलं, आणि तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता. नोंदी पुढेही लॅटिनमध्ये होत राहिल्या. न्यायालयाचं सारं कागदोपत्री काम इंग्रजीत करण्याची सक्ती 1733 पासून झाली. दोन्ही बाजूंना कळावं म्हणून एकाच अर्थाचा देशी आणि परका शब्द शेजारी ठेवायची सवय त्या काळात मुरली. मराठीत कागदपत्र, धनदौलत, बाजारहाट, रीतिरिवाज हे जोडशब्द असेच बनले आहेत. त्यांतला एक शब्द फारसी-अरबीकडचा, दुसरा आपला.

आता व्यवहाराचं. आपल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात व्याख्या फक्त ‘विल’ या शब्दाची आहे. ‘टेस्टामेंट’ गाळल्याने काही बिघडत नाही. मृत्युपत्र टिकतं ते करणाऱ्याच्या सहीवर आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांवर. साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझी असं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं असावं, आणि त्यांनी आपली सही त्याच्यासमोर करावी. शब्दांपेक्षा या ठिकाणी चुका जास्त होतात: साक्षीदार दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सही करतो, आणि वाद कोर्टात गेला की तेवढंच पुरतं.

मात्र विक्रीखतातल्या ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ला हात लावू नका. ते दिसायला तसंच, पण तिन्ही शब्दांचे अर्थ वेगळे आहेत: हक्क, मालकी आणि हितसंबंध. मराठी किंवा हिंदी मसुद्यातही तिन्ही वेगळे लिहा. ‘नल अँड व्हॉइड’ला मात्र एकटा ‘रद्दबातल’ पुरेसा आहे.

विमानाचे वैमानिक संकटात ‘मेडे’ का म्हणतात? एक मेशी त्याचा संबंध आहे का?
– दहावीचा विद्यार्थी, महू

काही संबंध नाही. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा तो इंग्रजी कानाने ऐकलेला उच्चार आहे. 1923 च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचवला, कारण तिथली बरीच वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी होती. ‘एसओएस’ मोर्ससाठी, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतलिपीसाठी, उत्तम होतं, पण बोलताना ‘एस’ खरखरीत हरवतो. 1927 मध्ये मेडेला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तो सलग तीनदा म्हणायचा, मग विमानाचं नाव, ठिकाण, अडचण काय आणि किती माणसं आहेत हे सांगायचं. जिवावर बेतलेलं नसेल तर ‘पॅन-पॅन’. तोही फ्रेंचच, बिघाड या अर्थाच्या शब्दावरून. दळणवळणाच्या परिभाषेत फ्रेंच सगळीकडे भेटते. ‘टेलिग्राफ’ हा शब्द फ्रान्समध्ये क्लोद शापच्या, मनोऱ्यांवरून खुणा देणाऱ्या यंत्रणेबरोबर आला, आणि देशादेशांतल्या तारांचे नियम ठरवणारी संघटना 1865 मध्ये पॅरिसला वीस राष्ट्रांनी स्थापन केली.

आमच्या मंडळाचे निरोप मराठीत पाठवले की एका निरोपाला दोन-तीन एसएमएसचे पैसे लागतात, इंग्रजीत मात्र एकाचेच. असं का?
– मंडळाच्या एक कार्यकर्त्या, रामबाग, इंदूर

एका एसएमएसमध्ये 140 बाइट, म्हणजे 1120 बिट मावतात. रोमन अक्षराला 7 बिट लागतात, म्हणून 160 अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 16 बिट, म्हणून फक्त 70. निरोप लांबला की तुकडे जोडण्याची खूण प्रत्येकात जागा घेते आणि मर्यादा अनुक्रमे 153 आणि 67 वर येते.

शिवाय यंत्र अक्षर मोजत नाही, चिन्ह मोजतं. ‘उद्या पाणी येणार नाही.’ यात डोळ्याला नऊ अक्षरं दिसतात. काना, वेलांटी, हलन्त, मोकळ्या जागा, पूर्णविराम धरून यंत्राला ती 22 चिन्हं होतात. जोडाक्षरं महाग पडतात: ‘क्षि’ एकटा चार जागा खातो.

सात बिटांचा मूळ तक्ता युरोपात बनला, त्यात तिथल्या भाषांची गरज आधी पाहिली गेली. तरी फ्रेंचलाही तो पुरत नाही. ई (e) आणि ए (a) या रोमन अक्षरांवरची तिरकी रेघ त्यात आहे, पण ई वरचं टोपीसारखं चिन्ह नाही, आणि तेवढं एक आलं की फ्रेंच निरोपही 70 वर येतो. ज्या गरीब देशांच्या लिप्या या तक्त्यात नाहीतच, तिथे पिकाचा सल्ला किंवा लसीची तारीख स्वतःच्या भाषेत पाठवणं सुरुवातीपासूनच दुपटीहून महाग आहे. हा अन्याय तांत्रिक तपशिलात दडलेला असल्यामुळे त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही.

उपाय: मजकूर आधी 70 चिन्हांत बसवून पाहा, नाहीतर 134 च्या आत ठेवा म्हणजे दोनच भाग होतील. नमस्कार-चमत्कार गाळा, वार, वेळ, ठिकाण आधी. घाऊक निरोपाचा नमुना नोंदवताना युनिकोड (देवनागरी चालणारा) प्रकार निवडा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग पोचते. आणि रोमन निरोपात ₹ हे चिन्ह किंवा वळणदार अवतरणचिन्ह चुकून राहिलं तरी सगळा निरोप 70 च्या हिशेबात जातो.

धार जिल्ह्यात वीसेक वर्षांपूर्वी गावोगाव कॉम्प्युटर आले होते, सोयाबीनचा भाव दाखवायचे. पुढे बंद पडले. गरीब भागात तंत्रज्ञान टिकतच नाही का?
– सोयाबीन पिकवणारे एक वाचक, सांवेर

तुम्ही म्हणता ते ‘ज्ञानदूत’. जानेवारी 2000 मध्ये ते सुरू झालं. गावात सूचनालय, ते चालवणारा स्थानिक तरुण म्हणजे सूचक, आणि जिल्ह्याच्या ठिकाणाशी टेलिफोनच्या तारेने जोडणी. मंडीचे भाव, खसऱ्याची (शेतजमिनीच्या नोंदीची) नक्कल, दाखल्यांचे अर्ज, तक्रारी अशी कामं होत. त्याच वर्षी त्याला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. मग अडचणी आल्या. वीज तासन्‌तास नसे, टेलिफोनची तार तुटे, आणि सूचकाचं पोट प्रत्येक कामाच्या शुल्कावर असल्याने यंत्र बंद म्हणजे कमाई बंद. सगळ्यात मोठी अडचण यंत्रापलीकडची होती. तक्रार क्षणात पोचे, पण तिच्यावर निर्णय घेणारा कर्मचारी पूर्वीसारखाच वागे. लोकांनी दोनदा पैसे भरून पाहिले की तिसऱ्यांदा ते येत नाहीत.

त्याच 2000 साली आपल्याच राज्यात सोयाबीनसाठी आयटीसी कंपनीची ई-चौपाल सुरू झाली. ती अधिक टिकली, आणि कारण शिकण्यासारखं आहे. तिथे पडद्यावर भाव होता, आणि त्या भावाने घेणारा गिऱ्हाईक, इलेक्ट्रॉनिक काटा, ओलावा मोजायचं यंत्र हेही होतं. वीज आणि तारेवर भरवसा नव्हता म्हणून सौर पॅनेल आणि उपग्रहाची जोडणी दिली गेली. अपराजिता गोयल यांच्या 2010 च्या अभ्यासात दिसलं की अशी केंद्रं आल्यावर आसपासच्या मंडीतला सोयाबीनचा भाव सरासरी 1 ते 3 टक्के वाढला. आयटीसीला न विकणाऱ्यालाही फायदा झाला, कारण मंडीतल्या व्यापाऱ्याला आता स्पर्धा होती.

केरळच्या किनाऱ्यावर 1997 ते 2001 दरम्यान मोबाईल आला तेव्हाचा रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास जगभर सांगितला जातो. आधी एका बंदरात मासळी फेकून द्यावी लागे आणि शेजारच्या बंदरात गिऱ्हाईक ताटकळे. पकडीतली 5 ते 8 टक्के मासळी वाया जाई. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर नासाडी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला भाव सुमारे 4 टक्के कमी पडला. पण त्या मच्छीमाराकडे होडी होती, तो हवं त्या बंदराला वळू शकत होता. आपल्याकडे बियाण्यासाठी आडत्याकडून उचल घेतलेला शेतकरी दुसऱ्या मंडीचा भाव फोनवर पाहतो आणि माल त्याच आडत्याकडे घालतो. त्याला भाव ठाऊक असतो, मोकळीक नसते. म्हणून गावात नवी सोय येते तेव्हा चार गोष्टी विचाराव्यात: वीज गेल्यावर काय, बिघाड दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत, चालवणाऱ्याला उत्पन्न कशातून, आणि मिळालेल्या माहितीवर शेतकऱ्याला वागता येईल का. चौथ्याचं उत्तर नाही असेल तर आधी त्याच्या कर्जाचं पाहावं लागेल.

खर्चाचं मोजमाप सोपं आहे. इंटरनेटचा किमान मासिक खर्च दरडोई मासिक उत्पन्नाच्या 2 टक्क्यांच्या आत असावा, असं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न ब्रॉडबँड आयोगाने 2025 साठी ठरवलेलं लक्ष्य होतं. देशाची सरासरी यात फसवते. महिन्याला माणशी 3000 रुपये येणाऱ्या घरात ही मर्यादा 60 रुपये होते. आपल्या गावातल्या सगळ्यात गरीब घरासाठी हा हिशेब करून पाहा.

घरकामाला येणाऱ्या ताईंकडे बटणांचा फोन आहे. केनियात म्हणे अशाच फोनवर पैसे पाठवतात. इथे होईल का?
– एक वाचक, तिलक नगर, इंदूर

होईल. केनियातली एम-पेसा मार्च 2007 मध्ये सुरू झाली. दुकानदार एजंट रोख घेतो आणि तेवढी रक्कम फोनच्या खात्यात टाकतो. पाठवणारा सिममधल्या मेन्यूतून पिन घालून ती पुढे देतो. गावातला एजंट तिथे रोख देतो. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांच्या 2016 च्या अभ्यासाचा अंदाज असा की यामुळे 1 लाख 94 हजार कुटुंबं, म्हणजे केनियातली सुमारे 2 टक्के, गरिबीतून वर आली, आणि बायका कर्त्या असलेल्या घरांना जास्त फायदा झाला. अडतं ते एजंटकडे. शहरात लोक भरणा करतात, गावात काढतात, त्यामुळे गावातल्या एजंटची रोकड संपते आणि माणूस हात हलवत परततो. दुसरा धोका फोनवरच्या झटपट कर्जाचा. 2012 मध्ये तिथे आलेल्या एम-श्वारीवर तीस दिवसांच्या कर्जाला 7.5 टक्के शुल्क होतं. ऐकायला थोडं, पण वर्षाच्या हिशेबाने ते 90 टक्के होतं.

ताईंसाठी *99# हा फोनवरून बँकेचे व्यवहार करायचा क्रमांक आहे. बँकेत नोंदलेल्या नंबरावरून तो फिरवायचा, भाषा निवडायची, बँक निवडायची, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत घालून पिन ठरवायचा. इंटरनेट लागत नाही. एका वेळी 5000 रुपयांपर्यंत जातात. उत्तर द्यायला उशीर झाला की जोडणी तुटते, म्हणून समोरच्याचा नंबर आणि रक्कम आधीच कागदावर लिहून ठेवा. मध्येच तुटलं तर लगेच पुन्हा पाठवू नका. त्याच मेन्यूतून आधी शिल्लक पाहा, कारण कधी पैसे गेलेले असतात आणि फक्त निरोप यायचा राहिलेला असतो. पहिल्यांदा दहा रुपये तुमच्याच खात्यावर पाठवायला लावा. पिन मात्र त्यांनाच ठरवू द्या आणि घालू द्या, तुम्ही पाहू नका.