मिनिटं नको, मॅच मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठवीत, सुट्टीत रोज पाच-सहा तास बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा फोनवरचा गोळीबाराचा गेम), फोन काढून घेतला की आदळआपट, वर 'गेमिंगने मेंदू तल्लख होतो' हे ऐकवतो. पूर्ण बंद करावं का?

आधी आदळआपटीचं बघू. ही मॅच मध्येच थांबवता येत नाही. शंभर जण उतरतात, चौघांची स्क्वॉड असते, शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास सहज जातो. विसाव्या मिनिटाला तुम्ही 'पानं घेतलीत, ये' म्हणता तेव्हा त्याला तीन मित्रांना वाऱ्यावर सोडून उठावं लागतं. कॅरममध्ये राणी घेतलीय, कव्हर बाकी आहे आणि कुणी बोर्डच उचलला, तर आपणही चिडलो असतो की! म्हणून 'एक तास' नको, 'दोन मॅच' ठरवा. भाच्याशी हा करार केल्यापासून आमच्याकडची भांडणं निम्म्यावर आलीत. संपली नाहीत.

मेंदूबद्दल तो अगदीच थापा मारत नाही. अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्यांची नजर एका वेळी जास्त गोष्टी टिपते, असं ग्रीन आणि बॅव्हेलिएर या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं. त्याने बीजगणित सुधारतं असं मात्र नाही.

माझंच सांगतो. कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून आम्ही 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायचो. कॅफेतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडताना (त्याला लॅन म्हणतात) आयपी अ‍ॅड्रेसशी, म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याशी, जी झटापट केली, तिच्यावर पुढे नेटवर्किंगची नोकरी मिळाली. त्याच वर्षी गणितात केटीही लागली, हे आईला बरंच उशिरा कळलं. पण तेव्हा खिशातले पैसे संपले की कॅफेवाले काका मॉनिटरवर टकटक करायचे. आताच्या गेममध्ये ते काका नाहीत. उलट रोज लॉगिन केलं की बक्षीस, रॉयल पासची (पैसे भरून जास्त बक्षिसं मिळवून देणारा, ठरावीक मुदतीचा पास) मुदत संपत आलेली. मला खरी भीती गोळीबारापेक्षा याची वाटते. तुमचं यूपीआय त्याच्या फोनवर असेल तर आजच काढा.

आणखी एक. २०२३च्या मे महिन्यात हा गेम भारतात परत आला, तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली होती. तुमच्याकडे पाच-सहा तास होतात, म्हणजे खात्यात वय काय टाकलंय ते पाहाच.

'व्यसन' हा शब्द इतक्यात नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं अपेक्षित आहे. एका सुट्टीवरून ते ठरत नाही. झोप मात्र आजपासून बघा. रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला.

एकदम बंद करू नका, तो मित्राच्या फोनवर खेळेल. तो वर्गातल्या मुलांबरोबर खेळतो की अनोळखी लोकांबरोबर, हेडफोनवर कोण बोलतं? तेवढं विचारून कळवा, त्यावर पुढचं सांगतो.