रक्तात कमी विरघळणारी भूल लवकर कशी चढते?

सेव्होफ्लुरेन हे श्वासातून देण्याचे भुलीचे औषध रक्तात कमी विरघळते, तरी त्याची भूल लवकर कशी चढते, जास्त विरघळणारे औषध मेंदूत आधी पोचायला नको का, असे आपण विचारले आहे. सोलापुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना नव्या डॉक्टरांकडूनही हीच शंका मी अनेकदा ऐकली आहे.

भूल चढते ती रक्तात किती औषध साठले यावर नव्हे, तर मेंदूत त्याचा आंशिक दाब, म्हणजे त्या एकट्या औषधाचा दाब, किती झाला यावर. आमच्याकडचा जाड टर्किश टॉवेल तांब्याभर पाणी पिऊनही गळत नाही, पातळ पंचा मात्र फुलपात्रभर पाण्यातच ठिबकू लागतो. ईथर आणि डेसफ्लुरेन हीही श्वासातून देण्याची भुलीची औषधे; तेच रक्त ईथरपुढे टॉवेल असते आणि डेसफ्लुरेनपुढे पंचा. समतोल साधल्यावर फुफ्फुसातील वायूच्या तुलनेत रक्तात औषध किती पट राहते, तो आकडा ईथरसाठी सुमारे १२, हॅलोथेनसाठी २.४, आयसोफ्लुरेनसाठी १.४, सेव्होफ्लुरेनसाठी ०.६५ आणि डेसफ्लुरेनसाठी ०.४२ आहे. आकडा जितका लहान, तितका रक्त औषध कमी गिळते, फुफ्फुसातील दाब लवकर वाढतो आणि मेंदू त्याच्या मागोमाग जातो. उतरतानाही हेच उलट क्रमाने घडते. मात्र शस्त्रक्रिया बरेच तास चालली, तर स्नायू आणि चरबीत मुरलेले औषध परत येत राहते.

वेग म्हणजे तीव्रता नव्हे, ही गल्लत फार होते. तीव्रता 'मॅक'ने मोजतात: फुफ्फुसात ज्या प्रमाणाला निम्मे रुग्ण त्वचेला छेद दिल्यावर हलत नाहीत, ते प्रमाण. सेव्होफ्लुरेनचे ते सुमारे २ टक्के आहे. नायट्रस ऑक्साइड वेगवान, पण त्याचे मॅक १०४ टक्के, म्हणजे साध्या वातावरणीय दाबाखाली एकट्याने पुरी भूल देणे त्याला अशक्यच.

डेसफ्लुरेन सुमारे २३ अंश सेल्सिअसलाच उकळते. आमचा चाळिशीपार जाणारा उन्हाळा सोडाच, वातानुकूलित शस्त्रक्रियागृहातही ते उकळण्याच्या उंबरठ्यावर असते. म्हणून त्याच्या व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे औषधाचे बाष्प करणाऱ्या उपकरणात, ते मुद्दाम ३९ अंशांपर्यंत तापवून सुमारे दोन वातावरणांच्या दाबाखाली ठेवतात, म्हणजे बाष्पाचे प्रमाण खोलीच्या तापमानावर अवलंबून राहत नाही. एवढे वेगवान असूनही मुलांना मास्कने भूल देताना मी ते वापरत नाही, कारण त्याच्या उग्र बाष्पाने खोकला येतो आणि श्वास अडतो. सेव्होफ्लुरेन मुले निमूटपणे हुंगतात.