फिस्टुलाची शीर एवढी का फुगते? आणि ती फुटते का?

तुमचा प्रश्न असा: "वडिलांच्या डाव्या मनगटावर दोन महिन्यांपूर्वी फिस्टुला केला. आता कोपरापर्यंतची शीर दोरखंडासारखी वर आलीये, हात लावला की आत फुरफुरतं. फुटणार तर नाही ना? आणि शीर एवढी जाड होतेच कशी?"

मी नाशिकला डायलिसिस टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया घालण्यासाठी हातातल्या दोन रक्तवाहिन्यांचा केलेला जोड. पण रोज सहा-सात जणांच्या फिस्टुलात माझ्या हाताने सुया जातात, त्यामुळे या शिरांशी माझी चांगली ओळख आहे.

दोन महिन्यांनी शीर अशी वर आली नसती तर मला काळजी वाटली असती. तुमच्याकडे काम नीट झालंय. ती फुरफुर म्हणजे थ्रिल. आमचे निफाडचे एक काका त्याला "हातातली मोटार" म्हणतात. रोज सकाळी हात लावून मोटार चालू आहे ना, एवढं वडिलांनी बघायचं.

आता "कशी" याबद्दल. शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो, सेंटरवर सगळे आर्टरी आणि व्हेन म्हणतात. आर्टरीत दाब 120/80 च्या घरातला, हाताच्या व्हेनमध्ये जेमतेम दहाच्या आसपास. फिस्टुलात सर्जन या दोघींना थेट जोडतात. मनगटाच्या आर्टरीतून एरवी मिनिटाला 20-30 मिली रक्त जातं. जोडल्यावर ते काही तासांत शेकड्यांत जातं आणि चांगल्या फिस्टुलात पुढे 600 च्या वर. आमच्या मशीनचा पंप मिनिटाला 250-350 मिली ओढतो, त्याला एवढं लागतंच. आमच्याकडचा ढोबळ हिशेब सहाचा आहे: 6 आठवडे, 6 मिलीमीटर रुंदी, कातडीखाली 6 मिलीमीटरच्या आत, आणि 600 मिली रक्त. ही युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या साथीदारांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी हातावर बाहेरून प्लास्टिकच्या नळ्या लावून ठेवायचे.

पण शिरेला कळतं कसं, की आता रुंद व्हायचंय?

रक्तवाहिनीच्या आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त त्याला घासून जातं आणि ते घासणं तो थर सतत जोखत असतो. रक्त वाढलं की घासणं वाढतं, मग तो थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो आणि भिंतीतले स्नायू सैल पडतात. हे मिनिटांचं काम. घासणं आठवडेच्या आठवडे चढंच राहिलं, तर भिंत स्वतःला मोडून नव्याने बांधते, रुंद घेर धरून. घासणं पूर्वीइतकं झालं की थांबते. यातलं गणित मला फार आवडतं: घासणं त्रिज्येच्या घनाने कमी होतं. म्हणजे रक्त आठपट झालं तरी वाहिनी नुसती दुप्पट रुंद झाली की हिशेब जुळला. दोन गुणिले दोन गुणिले दोन. आर्टरीसुद्धा याच नियमाने फुगते, फक्त ती खोल असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

रक्त जास्त वाहिलं तर वाहिनी वाढते आणि कमी वाहिलं तर आक्रसते, हे रिचर्ड थोमा या जर्मन शास्त्रज्ञाने कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात पाहून 1893 मध्येच लिहून ठेवलं होतं. आतल्या थराचं गुपित मात्र उशिरा उघडलं, तेही चुकून. 1978 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत एका टेक्निशियनने पायऱ्यांचा क्रम चुकवला, आणि सशाच्या महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या आर्टरीची) जी कडी औषधाने आवळायला हवी होती ती सैल पडली. शोध घेतल्यावर कळलं, की पूर्वीचे तुकडे तयार करताना आतला थरच घासून निघत होता. 1998 चं नोबेल त्यातून आलं. चूक टेक्निशियनची होती, म्हणून मी ही गोष्ट नव्या मुलांना मुद्दाम सांगते.

हे झालं रुंदीचं. जाडी ठरते दाबावर, आणि इथे बागायतदार माझ्याआधी समजतात. सहा किलोचा (म्हणजे तेवढा दाब सोसणारा) तीन इंची पाइप आणि सहा किलोचाच सहा इंची पाइप शेजारी ठेवा. दाब तोच, पण सहा इंचीचा काठ जाड. कारण भिंतीवरचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. वडिलांच्या शिरेत दाबही वाढला आणि त्रिज्याही. मग भिंतीतल्या स्नायूपेशी वाढतात, कोलॅजनचे चिवट तंतू साचतात, आणि कागदासारखी शीर जवळजवळ आर्टरी होऊन बसते. म्हणून आम्ही घाईने सुई घालत नाही. कोवळी शीर टोचली की आत रक्त पसरतं आणि हात काळानिळा होतो.

सगळ्यांचं मात्र असं सुरळीत होत नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की आपण गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते बघायला जातो. पात्र काठांनी मोकळं असेल तर नदी पसरते. रामकुंडापाशी सगळं काँक्रीट, तिथे ती पसरणार कुठे? नुसती चढते. जुना मधुमेह आणि किडनीचा आजार असलेल्यांच्या आर्टरीत भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसतं, तेच हे काँक्रीट. सर्जनने कितीही सुबक जोडलं तरी आर्टरी रुंद होत नाही आणि फिस्टुला कच्चा राहतो. (उपमा इथपर्यंतच बरी. नदीचा काठ ढासळतो, शीर स्वतःला बांधते.)

दुसरी गोची जोडाजवळ होते. तिथे रक्त सरळ वाहत नाही, भोवरे होतात, आणि भिंत बाहेरच्या ऐवजी आतल्या बाजूला जाड होते. वाट अरुंद झाली की थ्रिल बदलते. जोडाजवळ अरुंद झाली तर पुढची फुरफुर मंद पडते; वरच्या बाजूला शिरेत अरुंद झाली तर फुरफुरीच्या जागी नाडीसारखे ठोके लागतात, किंवा सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. तेव्हा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात आणि बऱ्याचदा आत बारीक फुगा फुगवून वाट मोकळी करता येते.

आता फुटण्याचं. सहसा फुटत नाही, पण "कधीच नाही" असं मी म्हणणार नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की तिथली भिंत विरते आणि फुगा येतो. रुग्णच म्हणतात, "ताई, तिथेच घाला, तिथे दुखत नाही." तिथेच घालणं चूक. शिडीच्या पायऱ्यांसारखी जागा बदलायला हवी, वडिलांच्या टेक्निशियनला हे बिनधास्त विचारा. फुग्यावरची कातडी पातळ, चकचकीत झाली किंवा खपली भरेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त येऊ लागलं तर बोटाने घट्ट दाबून, हात वर धरून थेट दवाखाना.

मोटार बंद पडली, म्हणजे थ्रिल लागेनाशी झाली, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच फोन करा. एका बाईंचा फिस्टुला असाच गेला. दुसऱ्या एका दवाखान्यात त्याच हातावर बीपीचा पट्टा बांधला, आणि घरी "उद्या बघू" म्हणून सगळे झोपले. त्या हातावर बीपी नाही, सलाईन नाही, पिशवी लटकवणं नाही. आणि डाव्या मनगटावर घड्याळ घालायची सवय असेल, तर ते आजच उजव्या हातात घालायला सांगा.