सिलेक्टिव्ह शाळेत गेल्यावरही क्लास लावावा लागतो का? सिडनीहून एका आईचं उत्तर

ताई, तुमचा निरोप दोनदा वाचला. १९० चा पर्मनंट व्हिसा आलाय, ऑक्टोबरात पुण्याहून सिडनीला येताय, मुलगी दहा वर्षांची आहे. तुमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलंय की मुलगी सिलेक्टिव्ह हायस्कूलला (प्रवेश परीक्षा देऊन जागा मिळते अशी सरकारी शाळा) लागली तरी पुढची सहा वर्षं क्लास सुटत नाही, आठवड्याला दोन-तीनशे डॉलर बाजूला काढूनच ठेवा. हे खरं का, आणि मग घर कुठे बघायचं, असं तुम्ही विचारलंत. माझी लेक पश्चिम सिडनीतल्या एका सिलेक्टिव्ह शाळेतून नुकतीच बारावी झाली. त्या सहा वर्षांत आम्ही क्लासचे बहुतेक सगळे प्रकार केले आणि त्यातले काही करायला नको होते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखांचं बघा, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. तुम्ही याल तेव्हा तिची पाचवीची शेवटची टर्म (इथे वर्षात चार टर्म असतात) चालू असेल. सिलेक्टिव्हचे अर्ज साधारण नोव्हेंबरात सुरू होतात आणि फेब्रुवारीत बंद होतात. परीक्षा सहावीत असताना मे महिन्यात. वाचन, गणिती तर्क, थिंकिंग स्किल्स आणि लेखन असे चार भाग असतात आणि २०२५ पासून सगळं कॉम्प्युटरवर आहे, तेव्हा टायपिंगचा सराव आत्तापासून करून घ्या. सातवीच्या जागा आहेत सुमारे ४,२०० आणि अर्ज येतात त्याच्या चौपट. हुशार मुलीलाही जागा मिळत नाही असं सर्रास होतं. पर्मनंट व्हिसा आहे म्हणून तिला बसता तरी येईल. तात्पुरत्या वर्क व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना या शाळांत प्रवेश नसतो. परीक्षेआधीच्या क्लासबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून एवढंच सांगते: शिक्षण खात्याच्या साइटवर नमुना पेपर फुकट आहेत, सुरुवात तिथून करा.

आता तुमचा खरा प्रश्न. शाळेत लागल्यावरही मुलं क्लासला जातात का? हो, जातात. लेकीच्या वर्गातली निम्म्याहून जास्त तरी जायची. पण का जातात ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमचा निर्णय तुमचा राहील.

इथल्या बारावीचं नाव आपल्यासारखंच, एचएससी. हिशेब मात्र निराळा. विषयाचे निम्मे मार्क शेवटच्या परीक्षेचे आणि निम्मे बारावीत वर्षभर शाळेत होणाऱ्या असेसमेंटचे. हे शाळेचे मार्क जसेच्या तसे धरत नाहीत. नेसा, म्हणजे इथलं बोर्ड, त्या शाळेतल्या मुलांनी बोर्डाच्या पेपरात मिळून कसं केलं ते पाहतं आणि त्या मापाने शाळेचे मार्क वर-खाली करतं. मुलांचा आपापसातला क्रम आणि अंतर तेवढं शाळेचं राहतं. त्यामुळे पालकांच्या बोलण्यात दिवसरात्र एकच शब्द, रँक. शेजारच्या बाकावरची मुलगी क्लासला जाते, म्हणजे ती आपल्या मुलीच्या पुढे जाणार, या भीतीवर सगळा बाजार उभा आहे.

पण याच नियमाची दुसरी बाजू क्लासवाले सांगत नाहीत. अख्खी बॅच जर बोर्डात उत्तम करत असेल, तर दीडशेत नव्वदावी आलेल्या मुलीचे शाळेचे मार्कही चांगल्यापैकी वर येतात. अशा शाळेत मधोमध असणं म्हणजे मागे पडणं नव्हे. हे मला पहिल्या वर्षी कुणी समजावून सांगितलं असतं, तर आमच्या घरातली बरीच रडारड वाचली असती.

झालं असं, की लेक प्राथमिक शाळेत कायम पहिली. सातवीच्या पहिल्या सहामाहीत गणितात ६१ टक्के, इयत्तेतल्या दीडशे मुलांत सत्त्याण्णवावी. तो पेपर मला दाखवलाच नाही. चार दिवसांनी डबा धुवायला काढताना बॅगेच्या तळाशी, केळ्याच्या सालाखाली, घडी करून कोंबलेला सापडला. मी घाबरले. पोरीला काय झालंय ते विचारायच्या आधी त्याच आठवड्यात तिला एका मोठ्या कोचिंगमध्ये घातलं. गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून आठवड्यातले चार दिवस. शाळा सुटली की मी गाडी घेऊन उभी, डब्यात गार झालेले पोहे, तेही ती दोन घास खाऊन डोकं खिडकीला टेकून झोपायची. घरी यायला साडेआठ, मग शाळेचा गृहपाठ, झोपायला साडेअकरा.

त्या क्लासमध्ये शाळेच्या एक टर्म पुढचं शिकवायचे. ऐकायला छान वाटतं. झालं उलटंच. शाळेत तोच धडा आला की तिला वाटायचं, हे तर झालंय. मग लक्ष देणं सुटलं. शाळेतल्या शिक्षिका उत्तम होत्या, त्यांनी मला बोलावून सांगितलं की तुमची मुलगी हल्ली प्रश्नच विचारत नाही. क्लासमध्ये परत दर दोन आठवड्यांनी परीक्षा आणि परत रँक. शाळेतली रँक कमी होती म्हणून तिथे घातलं, तर तिथे आणखी एक रँक मागे लागली. दीड वर्षाने बंद केलं. मार्क होते तिथेच होते, पोर मात्र खूप थकली होती.

उपयोग कशाचा झाला तेही सांगते. नववीत एका इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला आठवड्यातून एकदा तासभर घरी बोलावलं. तीही सिलेक्टिव्हमधूनच गेलेली. पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही. लेकीचे जुने पेपर जेवणाच्या टेबलावर पसरले आणि एकेका चुकलेल्या गणितावर बोट ठेवून विचारत गेली, ‘ही पायरी तू का घेतलीस?’ तासाभरात दोघींच्या लक्षात आलं की गणित कच्चं नाहीच. प्रश्नाच्या दुसऱ्या भागात ‘हेन्स’ असा शब्द असायचा. इथे त्याचा अर्थ, वरच्या भागात जे सिद्ध केलंत तेच वापरून पुढे जा. ‘हेन्स ऑर अदरवाइज’ असेल तर कुठलीही रीत चालते. लेक प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करायची, उत्तर बरोबर यायचं, मार्क जायचे आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत वेळही पुरायचा नाही. दीड वर्ष चार-चार दिवस क्लासला जाऊन हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण तिथे तिचे शाळेचे पेपर कुणी उघडलेच नव्हते. त्या मुलीला आम्ही दोन टर्म ठेवलं आणि काम झाल्यावर थांबवलं. थांबवता येतं, ताई. शिकवणी लावली म्हणजे बारावीपर्यंत ओढायलाच हवी असं नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: सगळे जातात म्हणून क्लास लावू नका. नेमकं कुठे अडतंय ते आधी शाळेच्या शिक्षकांना विचारा. लेकीच्या शाळेत गणिताचे शिक्षक आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीत शंका घ्यायला बसायचे आणि तिथे येणारी मुलं मोजकीच असायची. नेसाच्या साइटवर मागच्या वर्षांचे पेपर, मार्क कसे देतात त्याचे निकष आणि परीक्षकांचे अभिप्राय सगळं फुकट आहे. ते करूनही अडलं तरच शिकवणी, ती एकाच विषयाची आणि ठरावीक मुदतीची.

आपली माणसं एक चूक हमखास करतात, सगळा पैसा गणित आणि केमिस्ट्रीवर ओततात. एटार, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीची रँक, दहा युनिटवर निघतो (बहुतेक विषय दोन युनिटचे) आणि त्यात इंग्रजीची किमान दोन युनिट धरतातच. ते टाळता येत नाही. भारतातून दहाव्या-अकराव्या वर्षी आलेल्या मुलीला मदत लागली तर ती बहुधा इथे लागेल: मुद्दा मांडणं, पुरावा देणं, निबंध परत लिहिणं. पण शिकवणाऱ्याने निबंध वाचून प्रश्न विचारावेत, लिहून देऊ नये. अकरावीच्या आधी मुलांना ‘ऑल माय ओन वर्क’ नावाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. दुसऱ्याने लिहिलेलं स्वतःचं म्हणून दिलं तर मार्क जातात आणि प्रकरण नेसाच्या नोंदीत जातं. आमच्या ओळखीत एका मुलाला यामुळे शून्य मिळालं. शिकवणाऱ्याने ‘मदत’ म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद लिहून दिले होते.

पैशांचं म्हणाल तर आमच्या भागात कॉलेजातली मुलं तासाला पन्नास-साठ डॉलर घ्यायची, अनुभवी शिक्षक शंभरच्या आसपास. घरी कुणालाही बोलावण्याआधी वर्किंग विथ चिल्ड्रन चेकचा (मुलांबरोबर काम करणाऱ्यांची सरकारी पडताळणी) नंबर मागा. पैसे घेऊन मुलांना शिकवणाऱ्याला तो कायद्यानेच लागतो, त्यामुळे मागायला संकोच करू नका.

घराबद्दल. पूर्ण सिलेक्टिव्ह शाळांना हद्द नसते, म्हणजे घराच्या पत्त्यावरून प्रवेश ठरत नाही, म्हणून शाळेजवळ महागडं घर घेऊ नका. गिरावीन, बॉलकम हिल्स, कार्लिंगफर्डची जेम्स रूस, पेनरिथ, सगळीकडे मुलं लांबलांबून येतात. ट्रेनच्या स्टेशनपासून चालत जाता येईल असं भाड्याचं घर बघा. टूंगाबी, वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड या पट्ट्यात आपली माणसंही भेटतील. शाळा पुरेशी लांब असेल तर स्कूल ओपल कार्डावर (ट्रेन-बसचं विद्यार्थी कार्ड) प्रवास फुकट होतो. आणि तुमच्या घराच्या हद्दीतलं साधं सरकारी हायस्कूल कसं आहे ते स्वतः जाऊन बघाच, कारण मुलगी तिथे जाण्याची शक्यताच जास्त आहे. त्या शाळेत तिला आनंदाने पाठवता येईल असं घर निवडा.

विमानाची तारीख ठरली की कळवा. लेकीची सातवी ते दहावीची गणिताची पुस्तकं आणि जुने पेपर गॅरेजमध्ये खोक्यात भरून ठेवलेत, ते तुमच्या मुलीसाठी बाजूला काढते.