टॉम अँड जेरी, बग्ज बनी यांची थिएटरमधली मूळ कार्टून डिस्कवर जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

बग्ज बनीच्या 'लूनी ट्यून्स' मालिकेच्या 'लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन'पासून करा. २००३ ते २००८ या काळात त्याचे सहा डीव्हीडी संच निघाले, प्रत्येकात चार डिस्क. जुने सापडले तरी जरूर घ्या.

टॉम अँड जेरीचं प्रकरण जरा अवघड आहे. २०११ च्या 'गोल्डन कलेक्शन' ब्लू-रेमध्ये १९४० ते १९४८ ची ३७ कार्टून आहेत, तीही क्रमाने. पुढचा भाग २०१३ मध्ये येणार होता. वर्णद्वेषी विनोदांमुळे त्यातून दोन कार्टून वगळल्याचं कळताच संग्राहक भडकले आणि तो भाग रद्दच झाला. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. संग्रह म्हणायचा तर काटछाट नको.

डिस्क मिळाली की पळापळीच्या दृश्यावर पॉज करून बघा. शेपटीची, मिशांची रेघ मध्येच तुटलेली दिसली, तर चित्र 'साफ' करणाऱ्या सॉफ्टवेअरने धुळीबरोबर शाईही पुसली आहे असं समजा.

आणि रीजन कोड, म्हणजे डिस्क जगातल्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणारा क्रमांक, तपासाच. अमेरिकन डीव्हीडी रीजन १ ची, भारतातले प्लेअर रीजन ५ चे. मल्टी-रीजन प्लेअर आधी घ्या, डिस्क नंतर.